मार्जन

वृषाली देसाईच्या हातांनी पहिल्यांदा दगा दिला तो मनोऱ्याच्या पोटातल्या शिडीवर, अर्ध्या उंचीवर. पाटणच्या वरच्या पठारावर नव्या, अजस्र पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हापासून ती तिथं देखभालीचं काम करत होती. ती शिडी चढणं म्हणजे तिच्या लेखी घरचा जिना चढणं. त्या दिवशी डोक्यावरची पायरी धरायला तिनं उजवा हात उचलला आणि तो खांद्यापर्यंत येऊन थांबला. दुखलं नाही, मुंग्या आल्या नाहीत. हात नुसता वर जाईना. तिनं डावा उचलून पाहिला, तोही तसाच. मग मांड्या थरथरल्या, पाय सुटला आणि ती कमरेच्या पट्ट्यावर लोंबकळत राहिली.

तिच्या मागून चढणाऱ्या दत्ता भिसेनं तिला खांद्यावर पेलत पायरी पायरीनं खाली आणलं. खाली आल्यावर ती जमिनीवर बसली ती बसलीच. उठायचा प्रयत्न केला तर मांड्यांत जीवच नव्हता. एका क्षणापूर्वीपर्यंत जे शरीर तिचं होतं ते कुणीतरी काढून नेलं होतं आणि त्या जागी हे ओझं ठेवलं होतं.

खुणा आधीपासून दिसत होत्या, पण कुणी मनावर घेतल्या नव्हत्या. पापण्यांवर जांभळट झाक आली होती. बोटांच्या पेरांवर लालसर, खरखरीत चट्टे उठले होते. पठारावरचं ऊन आणि वारा, असं म्हणून तिनं मलम लावलं होतं. केस विंचरताना खांदे भरून यायचे, त्याला तिनं वयाचं नाव दिलं होतं. वय तरी कुठलं, चाळिशी नुकतीच ओलांडली होती.

पुण्याच्या डॉक्टर नसीमा मुजावर संधिवात आणि त्यासारख्या आजारांच्या तज्ज्ञ होत्या. त्यांनी वृषालीला दारातून आत येतानाच नीट पाहून घेतलं. पापण्या पाहिल्या, पेरं पाहिली, हात वर करायला सांगितले. मग बोटातून रक्ताचा एक थेंब घेतला आणि पत्त्याच्या पानाएवढ्या काचेवर ठेवला. चहा येईपर्यंत निकाल आला.

वृषालीचा नवरा केदार पाटणच्या कॉलेजात विज्ञान शिकवायचा. त्यानं खुर्ची पुढे ओढली. डॉक्टर सावकाश समजावून सांगू लागल्या. शरीरात काही परकं शिरलं की रक्तातली प्रतिपिंडं त्यावर खूण करतात आणि त्या खुणेच्या मागोमाग मारेकरी पेशी जाऊन त्याचा निकाल लावतात. कधी कधी ओळख चुकते आणि प्रतिपिंडं स्वतःच्याच एखाद्या प्रथिनावर खुणा करत सुटतात. तीच स्वप्रतिपिंडं. स्नायू आणि त्वचेच्या या दाहात त्यांच्या बऱ्याच जाती सापडतात, आणि आजार वरून सारखा दिसला तरी आत कुठली जात आहे त्यावर माणसाचं पुढचं सगळं ठरतं. काही जाती औषधाला लवकर दाद देतात. एक फुप्फुसांवर इतक्या वेगानं जाते की आठवड्यांत माणूस हातचा जातो. पूर्वी मोजक्याच जाती तपासता यायच्या आणि त्यातही चुका व्हायच्या. आता ही काच एका थेंबात सगळ्या वाचत होती.

वृषालीच्या रक्तात टिफ-वन-गॅमा नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं निघाली, आणि तीही भरपूर.

डॉक्टरांनी चहाचा कप बाजूला सरकवला. ही जात प्रौढ माणसात सापडली, तर कित्येकदा शरीरात कुठंतरी कर्करोग लपलेला असतो, असं त्या म्हणाल्या. प्रत्येकाला असतोच असं नाही, पण शोधल्याशिवाय राहता येत नाही.

वृषाली आली होती हात वर जात नाहीत म्हणून. कर्करोग हा शब्द त्या खोलीत कुठून आला हेच तिला कळेना. ती केदारकडे पाहू लागली आणि केदार काचेकडे.

मग शोध सुरू झाला. डोक्यापासून पायापर्यंत स्कॅन, म्हणजे शरीराच्या आतलं चित्रण झालं. स्तन, अंडाशय, फुप्फुसं, आतडी, सगळं धुंडाळलं. काही सापडलं नाही. केदारनं हॉस्पिटलच्या व्हरांड्यातच मैथिलीला, त्यांच्या आठवीतल्या मुलीला, फोन लावला आणि आई सुटली म्हणून सांगितलं. डॉक्टर मुजावर मात्र इतक्या मोकळ्या झाल्या नव्हत्या. दर काही महिन्यांनी पुन्हा पाहायचं, असं त्यांनी बजावलं.

पुढची दोन वर्षं औषधांत गेली. स्टेरॉइडनं चेहरा सुजला, हाडं दुखू लागली, पण हात काही पूर्ण वर जाईनात. कंपनीनं तिला नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसवलं. घरी केदार तिचे केस विंचरायचा, ब्लाउजचे हूक लावायचा, संडासातून उठायला हात द्यायचा. तो कधी वैतागला नाही. पण ती झोपली आहे असं समजून तो शेजारच्या खोलीत तासन्‌तास वाचत बसायचा आणि सकाळी उत्साहानं नव्या उपचारांबद्दल बोलायचा. त्या उत्साहाचा तिला कधी कधी राग यायचा. त्याला तिची सेवा करायची नव्हती, त्याला जुनी वृषाली परत हवी होती. तशी ती तिलाही हवी होती.

मार्जन नावाचा नवा उपचार देशात आला तेव्हा त्याची माहिती पहिल्यांदा त्यानंच शोधून काढली. कल्पना सोपी होती. शरीरात प्रत्येक प्रतिपिंड बनवणाऱ्या स्मृतिपेशी असतात. एकदा शिकलेली ओळख त्या वर्षानुवर्षं विसरत नाहीत. जुनी औषधं सरसकट सगळी प्रतिकारशक्ती दाबून टाकायची. मार्जनात मात्र चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांतून एक निरोप शिरेत सोडायचा. तो निरोप फक्त त्या एकाच चुकीच्या ओळखीच्या पेशी हुडकायचा, प्रतिपिंडं बनवणाऱ्याही आणि त्यांच्या मागे जाणाऱ्या मारेकरीही, आणि त्यांना पुसून टाकायचा. बाकीची सगळी स्मृती शाबूत. एक शब्द खोडावा आणि ओळ तशीच राहावी, असं केदार म्हणायचा.

डॉक्टर मुजावरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की बाकीच्या जातींमध्ये त्या डोळे मिटून मार्जन करतील, या जातीत करताना त्यांना विचार पडतो.

"दोन वर्षांत काही दिसलं नाही, एवढंच मी सांगू शकते," त्या म्हणाल्या. "काही नाही, असं नाही सांगू शकत."

केदारनं वाद घातला. दोन वर्षं पुरेशी नाहीत का, आणखी किती वर्षं हिनं असं जगायचं, असं विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता, पण तेच प्रश्न त्यानं पुन्हा विचारले. वृषालीला वाटलं, हा माणूस थकला आहे आणि तसं म्हणायची त्याला लाज वाटते आहे. तिनं सही करते म्हणून सांगितलं. नियमाप्रमाणे मार्जनापूर्वी तिच्या रक्तातल्या त्या पेशींचा थोडा साठा गोठवून ठेवण्यात आला. तो कशासाठी, हे तिनं विचारलंही नाही.

मार्जन झालं आणि चमत्कार वाटावा असं घडत गेलं. पहिल्यांदा पेरांवरचे चट्टे गेले. मग एका सकाळी मैथिली शाळेसाठी तयार होत असताना वृषालीनं कपाटाच्या वरच्या फळीवरून डबा काढून तिच्या हातात दिला, आणि डबा दिल्यावर दोघींच्याही लक्षात आलं की काय झालं. मैथिली डबा धरून तशीच उभी राहिली. बाहेरच्या खोलीत दाढी करणारा केदार अर्ध्या साबणानिशी धावत आला. तिनं त्याच्यासमोर पुन्हा एकदा हात वर केले, दोन्ही, सरळ, कानांना लागतील असे.

वर्षाच्या आत ती मनोऱ्यावर होती. कंपनीनं आधी नाही म्हटलं, मग चाचण्या घेतल्या, मग परवानगी दिली. काच आता कोरी यायची. टिफ-वन-गॅमाचं नावही नसायचं. डॉक्टर मुजावर चित्रणं करतच होत्या. केदारला ती काळजी जास्तीची वाटायची, पण तो प्रत्येक वेळी निमूट गाडी काढायचा.

पोट फुगल्यासारखं वाटू लागलं तेव्हा वृषालीला वाटलं, वजन वाढलं. पाळी तर अनियमित होतीच. ठरलेलं चित्रण काही दिवसांवर होतं, म्हणून ती थांबली.

चित्रणानंतर लगेच पोटातून एक तुकडा तपासणीसाठी काढला गेला, आणि डॉक्टर मुजावरांनी त्यांना आठवड्यानं पुन्हा बोलावलं, तेही सकाळच्या पहिल्या वेळेला. खोलीत शल्यचिकित्सक आणि कर्करोगतज्ज्ञ आधीच येऊन बसले होते. तीन डॉक्टर एकत्र पाहून वृषालीला निकाल कळला. जे कळलं नव्हतं ते पुढे होतं.

बीजवाहिनीतून सुरू झालेली गाठ पोटाच्या पडद्यावर पसरली होती. तिचा तुकडा तपासला, तेव्हा प्रयोगशाळेतल्या माणसांनी दोनदा पडताळून पाहिलं, कारण त्यांचा विश्वास बसेना. गाठीचा मूळ भाग बराच जुना होता, पण मार्जनापूर्वी चित्रणात दिसू नये इतका बारीक राहिला होता. आजार सुरू होण्याच्याही आधीचा. त्याच्याभोवती व्रणाच्या ऊतींचं जाड वेष्टण होतं, थरांवर थर, आणि त्या थरांत मेलेल्या मारेकरी पेशींचे अवशेष दाटीवाटीनं अडकलेले होते. गाठीच्या पेशींमधलं टिफ-वन-गॅमा बिघडलेलं होतं. वृषालीच्या शरीरानं ते बिघडलेलं प्रथिन ओळखलं होतं आणि त्यावर बरोबर खूण केली होती. चूक फक्त इतकीच झाली की स्नायू आणि त्वचेतलं निरोगी प्रथिनही त्या खुणेत सापडलं.

डॉक्टर मुजावर हे सांगत असताना टेबलावरच्या आपल्या हातांकडे पाहत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"तुमचा आजार म्हणजे त्या लढाईची झळ होती, वृषालीताई. लढाई गाठीशी चालली होती आणि ती गाठीला वाढू देत नव्हती. आम्ही लढाईच पुसून टाकली."

वृषालीला वाटलं आपण ऐकलंच नाही. ती पाहत होती त्या डॉक्टरांच्या कानातल्या बारीक मोत्याकडे. मोती हलत होता, म्हणजे त्या अजून बोलत होत्या. तिनं स्वतःच्या दंडाला हात लावून पाहिला. दंड घट्ट होता, भरलेला, कामाचा. या दंडासाठी तिनं काय देऊन टाकलं होतं, हे आत्ता समोर मांडलं गेलं होतं, आणि ते तिच्या डोक्यात मावत नव्हतं.

केदार उठून बाहेर गेला. व्हरांड्याच्या टोकाला तो भिंतीकडे तोंड करून उभा असलेला तिला दाराच्या फटीतून दिसत होता. एका परिचारिकेनं त्याला पाणी आणून दिलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं.

मग कर्करोगतज्ज्ञांनी पुढचं सांगितलं. गाठ इतकी पसरली होती की लगेच शस्त्रक्रिया शक्य नव्हती. औषधांनी काही काळ आटोक्यात राहील, पण ते फार दिवस टिकेल अशी आशा त्यांना वाटत नव्हती. एक वाट आणखी होती. ती अजून कुणावर वापरलेली नव्हती. गोठवलेल्या पेशी. त्या वाढवून परत तिच्या शरीरात सोडायच्या. त्यांना ओळख ठाऊक होती. त्या गाठीवर धावून जातील. पण त्या स्नायूंवरही जातील, आणि या वेळी पूर्वीपेक्षा जोरात, कारण वाढवलेल्या फौजेला आवरणं कठीण असतं. गिळायचे स्नायू जाऊ शकतात. श्वासाचेही.

परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट ओलांडल्यावर केदारनं गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. त्याचं म्हणणं असं होतं की नुसती औषधं घेऊ, जे होईल ते होईल, पण तिला पुन्हा त्या आजारात ढकलणं त्याच्या हातून होणार नाही. एकदा त्यानं आग्रह केला होता आणि त्याचं हे फळ होतं. दुसऱ्यांदा तो काहीच म्हणणार नव्हता.

"तू काही म्हणू नकोस," वृषाली म्हणाली. "पण मला उचलायला तर तूच लागशील."

त्यानं कपाळ वर उचललं. मग त्यानं गाडी सुरू केली.

मैथिलीला तिनं स्वतः सांगितलं. मुलगी आता बारावीत होती. सगळं ऐकून तिनं विचारलं की म्हणजे आई जाणूनबुजून आजारी पडणार का. वृषालीनं होय म्हटलं. मैथिलीनं बशीतला पोह्यांचा घास तसाच ठेवला, खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती येऊन आईच्या शेजारी बसली, आणि तिनं आईच्या केसांत तेल घालायला घेतलं.

पेशी परत सोडल्या तो दिवस अगदी साधा होता. छोटी पिशवी, पारदर्शक नळी, एक फिकट द्राव. डॉक्टर मुजावर पूर्ण वेळ शेजारी उभ्या होत्या. पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही, आणि काही होत नाही या भीतीनं वृषालीला झोप येईना. आपण आजाराची वाट पाहतो आहोत, हे मग तिच्या ध्यानात आलं.

मग एका पहाटे हाताच्या मुठी वळेनात. आणि नंतर जे आलं ते पहिल्या आजारासारखं नव्हतंच. मान उशीवरून उचलेना. पाणी नाकातून परत येऊ लागलं. घशातून पोटापर्यंत नळी घालावी लागली. छातीचे स्नायू इतके दमले की काही दिवस श्वासाचं यंत्र लावलं. तिला बोलता येत नसे. केदार तिच्यासमोर अक्षरांची पाटी धरायचा आणि ती पापण्यांनी शब्द जुळवायची. एकदा तिनं जुळवलेलं वाक्य होतं, थांबवू नका. केदारनं ते डॉक्टरांना वाचून दाखवलं आणि मग पाटी उलटी करून मांडीवर ठेवली, पुन्हा काही वाचावं लागू नये म्हणून.

डॉक्टर मुजावर रोज दोन्ही बाजूंचा तोल सांभाळत होत्या. लढाई मंदावेल इतकं औषध द्यायचं नाही, आणि श्वास जाईल इतकी ती वाढूही द्यायची नाही. असं कुणी कधी केलेलं नव्हतं. त्यांनी केदारजवळ तसं कबूल केलं.

दुसऱ्या महिन्याच्या चित्रणात पोटाच्या पडद्यावरचे दाणे विरळ झालेले दिसले. तिसऱ्या महिन्यात बरेचसे दिसेनासे झाले. मूळ गाठ आकसून लिंबाएवढी उरली आणि शल्यचिकित्सकांनी ती काढली. आत त्यांना पुन्हा तेच जाड वेष्टण सापडलं. या वेळी ते ताजं होतं.

वृषाली घरी आली ती चाकाच्या खुर्चीत. नंतर खुर्ची सुटली, काठी आली. हात खांद्यापर्यंत जायचे, त्यापुढे नाही. शस्त्रक्रियेनंतर वर्ष उलटलं तेव्हा डॉक्टर मुजावरांनी तिला आणि केदारला समोर बसवलं आणि सांगितलं की आता काहीच दिसत नाही. पुन्हा मार्जनाचा विचार करता येईल, हात परत येतील. किंवा आहे तसंच, सौम्य औषधांवर, पुढं जाता येईल. काय बरोबर हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. केदार जमिनीकडे पाहत होता.

"राहू दे," वृषाली म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपर्यंत. तिनं खांदे उडवायचा प्रयत्न केला, तो अर्धाच जमला. मग म्हणाली की हे तिलाही माहीत नाही, आत्ता तरी राहू दे.

त्यानंतर काही महिन्यांनी रत्नागिरीहून फोन आला. माणसाचं नाव मिलिंद सुर्वे. त्याच्या बायकोच्या रक्तात दोन वर्षांपूर्वी तीच जात निघाली होती. सगळी चित्रणं स्वच्छ होती. तिला स्वयंपाकघरातला डबा उचलता येत नव्हता. त्यांच्या डॉक्टरांनी मार्जनाचं विचारलं होतं, आणि कुणाकडून तरी त्यानं वृषालीचं नाव ऐकलं होतं. फोन केदारनं उचलला होता. पलीकडचा माणूस दोनच वर्षांत किती दमलाय हे त्याला त्याच्या आवाजातच कळलं. त्याला फक्त एवढंच ऐकायचं होतं की करून टाका. केदारनं ते ओळखलं, कारण कधीकाळी त्यालाही कुणीतरी तेवढंच म्हणावं असं वाटत होतं.

त्यानं फोनवर तळहात ठेवला आणि वृषालीकडे पाहून काय सांगू असं विचारलं.

वृषाली खिडकीशी बसली होती.

"आपण जाऊ," ती म्हणाली. "त्यांना मला बघू दे. मग त्यांचं त्यांनी ठरवावं."

केदारनं पत्ता उतरवून घेतला. शनिवारी सकाळी त्यानं गाडी दाराशी आणली, तिला काखेत हात घालून उठवलं, आत बसवलं, तिचा पट्टा लावला, आणि ते कुंभार्ली घाटाच्या रस्त्याला लागले.